आक्का, ती पेटी तुझी नव्हती

आक्का, तू जाऊन महिना होत आला आणि मी अजून माणसांच्या तोंडाकडे न बघता नखांकडे बघतो. काल दवाखान्यात एक बाई चिठ्ठी पुढे करून उभी होती. मी चिठ्ठी घेतलीच नाही. तिचं बोट धरून नख दाबलं आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा लाल कधी होतं ते बघत बसलो. तिनं झटक्यानं हात मागे घेतला. 'साहेब, रगत दुसऱ्या बोटाचं घ्या, पन घेऊन तं टाका,' म्हणाली. तिला वाटलं मी सुई टोचायला जागा शोधतोय. मला काय शोधायचं होतं ते तिला सांगून उपयोग नव्हता.

मला भीती वाटते. वाशीमच्या दवाखान्यात इतकी वर्षं लोकांचं रक्त, लघवी, शौच तपासत आलो, पण भीती कधी वाटली नव्हती. काचेखाली जे दिसेल ते कागदावर लिहायचं आणि सही ठोकून मोकळं व्हायचं. तू माझ्या नोकरीची ओळख करून द्यायचीस ती आठवते का? इंझोरीहून कोणी माहेरचं माणूस आलं की त्यानं विचारायच्या आधीच तू सांगायचीस, 'आमचा देवीदास लय शिकला बाप्पा. बारा वर्सं शाळा केली, अन् लोकायचा गू पाह्यची नौकरी धरली.' सगळे हसायचे. मीही हसायचो. खरं म्हणजे मला ते आवडायचं, कारण त्यानंतर तू हमखास म्हणायचीस की मह्या भावाच्या नजरेतून काही सुटत नाही.

सुटलं, आक्का. सगळ्यात मोठं तेच सुटलं.

त्या भाऊबीजेपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तू त्या दिवसापासूनच मरायला लागलीस. तुझ्या ओसरीवर आपण चौघं होतो. तू, मी, तुझी सासू आणि सुमन. भाऊजी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि मळा तू एकटीनं ओढत होतीस. मी जेवून टेकलो होतो आणि तुम्हाला दवाखान्यातल्या गमती सांगत होतो. आपल्याकडे तपासणीला शौच आणायचं ते रिकाम्या काड्याच्या पेटीत, हे तर सगळ्यांना ठाऊक. एका गुरुजींनी पेटीला लाल दोरा बांधून वर पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता लिहिला होता. एका मोठ्या घरच्या बाईची पेटी गड्यानं आणली, त्यात जंत किती निघाले, आणि ते ऐकून तिचा नवरा कसा घाम पुसत बसला, ती नक्कल मी करून दाखवली. नावानिशी सांगितलं सगळं. तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मग डोळे पुसत म्हणालीस, 'अवं माय, ह्याच्या हाती कोनाची अब्रू सलामत नाई.'

मी ते कौतुक समजलो.

पुढच्या पावसाळ्यात तू दम लागतो म्हणून दवाखान्यात आलीस. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन जैन गल्लीपर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागतं म्हणालीस. चातुर्मासात त्या घरांत पालेभाजी बंद असते, त्यामुळे तुला त्या दिवसांत तसं काम कमी, तरी ही गत. चेहरा मेणचट दिसत होता. सुमननं मागून हळूच सांगितलं की आई चुलीची भाजकी माती खाते. तू तिच्यावर डोळे वटारलेस. मी तुझ्या बोटातून थेंबभर रक्त नळीत घेतलं. त्यात आम्ही आम्ल टाकतो, रक्त चहासारखं तपकिरी होतं, आणि मग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत एकेक थेंब पाणी घालत जायचं. चांगल्या रक्ताला भरपूर पाणी लागतं. तुझ्या नळीत मी पाण्याचे मोजके थेंब टाकले आणि हात थांबवावा लागला. मी नळी पुन्हा धुतली, पुन्हा रक्त घेतलं, तरी तेच.

डॉक्टर म्हणाले, शौच तपासा, मळ्यातली बाई आहे. मी टेबलावरची रिकामी पेटी तुझ्या हातात दिली. तू ती पदराखाली घेतलीस आणि खाली पाहत म्हणालीस, 'आनतो सवडीनं.'

तिसऱ्या दिवशी पेटी आली. मी दोनदा काचेवर घेतली, कारण बहीण होतीस. काही नव्हतं. एकही अंडं नव्हतं. कागदावर 'जंत आढळले नाहीत' लिहून सही करताना मला किती हलकं वाटलं होतं! डॉक्टरांनी मग उपासतापास, पोटाला न खाणं, कष्ट ही कारणं धरली आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मला शंकासुद्धा आली नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत चांगली बातमी कोण दुसऱ्यांदा तपासतो? मी तर तपासली होती. पण पेटी कोणाची हे तपासायचं काचेला येत नाही.

पंधरा दिवसांनी मी मळ्यात आलो होतो. तू मेथी खुडत होतीस, अनवाणी, घोट्यापर्यंत ओल्या मातीत. आपलं जुनं भांडण तिथंच सुरू झालं. मी म्हणालो, आक्का, चपला घाल, तू गावाबाहेरच्या खड्ड्यातलं, माणसांच्या मैल्याचं सोनखत टाकतेस, त्या मातीत काय काय असतं ते मी रोज बघतो. तू म्हणालीस, 'वावर माय आहे. मायच्या अंगावर वहाना घालून चालतेत काय?' बांधावर बसलेल्या तुझ्या सासूनं मान डोलावली. पायाच्या बोटांच्या बेचक्या तू सारख्या खाजवत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, चिखल्या झाल्या, मेंदी लावली की जातात. आक्का, तीच जागा. तिथूनच ते आत जातात. डोळ्यांना न दिसणारी पिल्लं कातडीतून रक्तात, रक्तातून छातीत, तिथून घशात आणि गिळली की आतड्यात. हे सगळं मला पाठ होतं, आणि तुझी चिखल्यांची गोष्ट मी ऐकून सोडून दिली, कारण कागद माझ्या सहीचा होता.

मग तू स्वतःहून विचारलंस. तेव्हा मला नवल वाटलं होतं, आज त्याची भीती वाटते.

'काय रे देवीदास, थो जंत रगत पेते म्हनते, थे कायले?'

मी खुशीत आलो. बहिणीला माझ्या विषयात रस! मी बांधावर फतकल मारून सांगू लागलो की रक्तात लोखंड असतं. तू खुडणं थांबवून माझ्याकडे पाहिलंस. बांधावरच्या विळ्याकडे बोट करून म्हणालीस, 'मंग इया गंजते तसं आपन काहून नाई गंजत?' मी म्हणालो, ते लोखंड मोकळं नसतं. हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या पोटात ते बांधलेलं असतं. दुसरं एक प्रथिन रक्तातून लोह हाताला धरून नेतं, वाटेत कुठं सुटू देत नाही, कारण मोकळं लोह दिसलं की नाना जंतू त्यावर तुटून पडतात. शरीराला हे भय आपल्या आधीपासून ठाऊक आहे. तू म्हणालीस, 'मंग जंताले कसं भेटते?' मी म्हणालो, आतड्याला दात रोवून बसतो, रक्त गोठू देत नाही, पितो. पोटात गेल्यावर रक्ताच्या पेशी फोडतो, मग त्या प्रथिनाचे तुकडे तुकडे करतो, तेव्हा कुठं त्याला त्याचं लोह हाती लागतं.

'शेंग फोडल्याबिगर दाना कसा भेटन,' तू म्हणालीस. शिकवलेलं इतक्या पटकन कोणाला कळताना मी पाहिलं नव्हतं. मी आणखी सांगितलं की तो जेवढं पितो त्यातलं थोडंच पचवतो, बाकीचं तसंच वाहून जातं.

'म्हंजे उष्टं टाकनारा पाव्हना. लय माजला म्हना मंग थो.' तू हसलीस. मग मेथीची जुडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'त्याले काढाची गोयी असन ना?'

'आहे की. पण तुला कशाला? तुझी पेटी साफ आहे.'

तू जुडीला गाठ मारलीस. ती सुटली. तू पुन्हा मारलीस. काहीतरी बोलणार होतीस, आक्का, आता मला ते दिसतं. तेव्हा मला फक्त जुडी दिसत होती. मी उठलो, कपडे झटकले, गोळ्या न चुकता घे म्हणालो आणि सायकलीवर बसलो.

गोळ्यांनी महिनाभर तुला रंग आला. तू टोपली घेऊन दारी आलीस, माझ्या बायकोला वांगी दिलीस, पैसे घेतले नाहीस. मी घरभर सांगत सुटलो की बघा, लोह लागू पडलं. लागू पडलंच होतं. गोळ्यांतलं लोह तुझ्या हाडांनी घेतलं, त्याचं नवं रक्त केलं, आणि ते रक्त आतड्यात बसलेल्यांनी प्यायलं. मी तुला वाढत होतो आणि ताट त्यांच्या पुढे होतं.

नंतर पाय सुजले, तोंड सुजलं. मग ताप आला आणि तुला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. रक्त हवं म्हणाले. माझं जुळलं. शेजारच्या खाटेवर पडून मी माझी बाटली भरताना बघितली आणि मग ती तुझ्या उशाशी टांगलेली बघितली. तू डोळे उघडून म्हणालीस, 'तुहं रगत लालबुंद आहे रे.' मला वाटलं, आता वाचलीस. बाटली अर्धी उतरली होती तेव्हा तुझं हृदय थांबलं. आता मला माहीत आहे की माझं ते रक्तसुद्धा त्यांनी प्यायलं असणार, जेवढा वेळ मिळाला तेवढं.

हे मला कधी कळलं ते सांगतो. तेराव्याला. पंगत उठली होती. तुझी सासू माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणतो. इकडचं तिकडचं बोलता बोलता ती म्हणाली, 'माही सून लय अब्रूची होती बाबू. थ्या टायमाले तू पेटी मांगली ना, तं रडाले लागली. म्हने, आत्याबाई, भावापुढं कसं ठेवू? दिवाईले सगळ्यायले हासवते थो. म्या म्हनलं, घे माय, माही ने. मी बुढी, मले कायची लाज?'

मावशी गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं मातीत उतरलेली नाही. बांधावर बसते, तेही घोंगडीवर. तिच्या पेटीत काय सापडणार होतं?

ती हे अभिमानानं सांगत होती, आक्का. सुनेची लाज राखली म्हणून. सासू-सुनेत एरवी विस्तव जात नव्हता, आणि एकदा दोघींनी एकमेकींना जीव लावला तो असा. मी तिथून उठलो आणि गोठ्यामागे जाऊन ओकलो. लोकांना वाटलं, पंगतीतलं काही बाधलं.

तुला लाज जंताची नव्हती, माझी होती. माझ्या तोंडाची होती. माझ्यासमोर तुझी पेटी उघडणार आणि पुढच्या भाऊबीजेला मी तिची नक्कल करणार, एवढंच तुला दिसत होतं. मी केली असती का? नाही केली असती, असं मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. तुला मात्र ते एकदाही सांगितलं नव्हतं.

आणि तुझ्या जागी मेथीच्या वाफ्यात सुमन उतरू लागली. अनवाणी. सतरा वर्षांची, किन्हीराजा गावात सोयरीक ठरलेली. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी मी बघितलं तर ती पायाच्या बेचक्या खाजवत होती.

माझी हिंमत झाली नाही खरं सांगायची. खरं सांगायचं तर मावशीसमोर सांगावं लागणार, आणि म्हातारीला कळणार की तिनं काय केलं. म्हणून मी खोटं रचलं. म्हणालो, मावशी, आता नवा नियम आला आहे, घरातल्या सगळ्यांच्या पेट्या द्याव्या लागतात. दोन रिकाम्या पेट्या ठेवून आलो. चौथ्या दिवशी दोन भरलेल्या आल्या. दोन्ही साफ. पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. मग दोन्ही काचा शेजारी ठेवल्या. दोन्हींत एकच रंग, कारळाच्या चटणीचे तसेच न चावलेले दाणे, आणि मावशीच्या तोंडात एकही दात नाही. दोन्ही पेट्या एकाच पोटातल्या होत्या.

तुझीच पोरगी ती. तुझ्याच सासूची नात.

मी त्याच दुपारी मळ्यात गेलो. मावशी घरी झोपली होती, ते बघूनच गेलो. विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर सुमन कोथिंबीर धूत होती. मी तिच्या नखांकडे बघत उभा राहिलो. तिनंच विचारलं, 'काय झालं मामा? असे काहून पाहून राह्यले?'

मी सांगितलं. पेटी कोणाची होती ते, कोणते जंत होते ते. आणि तिच्या आईला लाज कशामुळे वाटली तेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यात कठीण होतं. सुमन माझ्याकडे बघत नव्हती. कोथिंबीर पाण्यात तशीच सोडून दिली तिनं, ती वाहत वांग्याच्या सरीत गेली. मग म्हणाली, 'तिकडं किन्हीराजाले कळलं तं?'

'मह्या तोंडून नाही कळणार.'

'तुमच्या तोंडाचाच तं भेव आहे मामा.'

हे तू बोलली असतीस तर आज मी हा कागद लिहीत बसलो नसतो. मी रिकामी पेटी थारोळ्यावर ठेवली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती. पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, 'माहीच आहे. तुमी पाहून घ्या, मी इथंच बसतो.'

ती बाकावर बसली आणि मी भिंगाला डोळा लावला. काच हळूहळू सरकवत गेलो. मग दिसली. लांबट गोल, पातळ टरफलाची, आत चार-चार कप्पे. एक, दोन, मग मोजणं सोडून दिलं. आक्का, वर्षानुवर्षं मी ती अंडी बघतोय, पण त्या दिवशी वाटलं की ही तुझ्यात होती, हीच, आणि मी त्यांना न बघता सही केली. आणि तरी त्यांचे आभार मानावेसे वाटले, कारण ती दिसली होती. दिसणाऱ्याला औषध आहे.

डॉक्टरांनी आधी जंतांचं औषध दिलं आणि नंतर लोहाच्या गोळ्या. मी मळ्यात जाऊन सुमनसमोर चपलांचा जोड ठेवला. मावशी भडकली. वावरात वहाणा घातल्या तर पीक जळतं म्हणाली. सुमननंच चपला घातल्या आणि वाफ्यात उतरली. मावशी तिच्या पायांकडे बघत राहिली. अडाणी आहे, पण खुळी नाही. औषध, चपला, पोरीचं एकटीनं दवाखान्यात जाणं, सगळं तिनं जुळवलं. घोंगडीवर हात टेकून माझ्याकडे वळली.

'सुमनच्या पोटात जंत निंगाले ना?'

'हो.'

'सुनेच्याबी पोटात थेच होते?'

मी होकारार्थी मान हलवली.

'मंग थ्या टायमाले तिची पेटी आली असती, तं थे वाचली असती काय?'

हा प्रश्न येणार म्हणून मी पंधरा दिवस भीत होतो. उत्तर मी तयार ठेवलं होतं. जमिनीकडे बघत म्हणालो, 'नाही मावशी. तिचं दुखणं पुढं गेलं होतं. तुमच्यामुळं काही झालं नाही.'

ती म्हणाली, 'खोटं बोलू नोको बाबू. तुही बहीनबी खोटं बोलताना अशीच खाली पाहे.'

मी वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ती थांबली होती. मी म्हणालो, 'वाचली असती, मावशी. पण तिला पेटी बदलायला मी लावलं. माझ्या जिभेनं लावलं.'

'तू अर्धं घे, मी अर्धं घेतो,' म्हातारी म्हणाली आणि पुन्हा सुमनच्या पायांकडे बघायला लागली.

महिन्यानं सुमनचं रक्त पुन्हा बघायचं आहे. तोवर मला धड जेवण जाणार नाही. पण आक्का, मी त्या दोघींना खरं सांगितलं. तू असतीस तर माझ्या तोंडावर हात ठेवून मला सांगू दिलं नसतंस, आणि मी तुझं ऐकलं असतं.